गाठीचा प्रकार आणि जगण्याची टक्केवारी

माझ्या डाव्या मूत्रपिंडातील गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता बरीच आहे, हे सीटी स्कॅनच्या वेळीच सांगण्यात आले होते. ती कोणत्या प्रकारची आहे हे मात्र शस्त्रक्रिया होऊन गाठ पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोहोचेपर्यंत कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. पित्ताशयाच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत ती योगायोगाने सापडली होती. लघवीत रक्त नव्हते, कंबर दुखत नव्हती, वजन घटले नव्हते. मूत्रपिंडाच्या बऱ्याच गाठी हल्ली अशाच, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात आणि लक्षणे दिसण्याआधी सापडणे ही जमेची बाजू असते, असे यूरोलॉजिस्टनी सांगितले.

सीटी स्कॅनवरून प्रकाराचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. मूत्रपिंडाच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन: क्लिअर सेल, पॅपिलरी आणि क्रोमोफोब. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळून दिसणारे द्रव्य, दिल्यावर क्लिअर सेल प्रकारची गाठ सहसा ठळकपणे उजळते, कारण तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पॅपिलरी प्रकारची गाठ त्या मानाने फिकी राहते आणि क्रोमोफोब प्रकारची गाठ साधारण या दोहोंच्या मध्ये बसते. माझी गाठ मध्यम उजळली होती आणि तिच्या मधोमध एक व्रणासारखा पट्टा दिसत होता. तसा पट्टा ऑन्कोसायटोमा या निरुपद्रवी गाठीतही दिसतो आणि क्रोमोफोब या कॅन्सरमध्येही दिसू शकतो, त्यामुळे स्कॅनचा अहवाल वाचून आमची उत्सुकता वाढली, उत्तर मात्र मिळाले नाही.

"मग सुईने तुकडा काढून आधीच का पाहत नाही?" असे माझ्या धाकट्या भावाने विचारले. डॉक्टरांचे उत्तर मला पटले. बायोप्सी करता येते, आणि लहान गाठींत किंवा शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांत ती उपयोगीही पडते. पण माझी गाठ सहा सेंटिमीटरच्या आसपास होती, म्हणजे ती काढावी लागणारच होती. शिवाय ज्या दोन शक्यतांमध्ये आम्ही अडकलो होतो, त्यांच्या पेशी एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की सुईने मिळालेल्या बारीकशा तुकड्यावरून त्यांच्यात फरक करणे अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जाते. गाठ मूत्रपिंडाच्या मध्यभागी, मुख्य रक्तवाहिन्यांना लागून असल्यामुळे ती एकटीच काढणे शक्य नव्हते, म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पूर्ण मूत्रपिंड काढण्यात आले. त्या दिवसांबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. जखम भरली, मी हिंडूफिरू लागले.

खरी कसोटी त्यानंतरची होती. पहिला अहवाल अपुरा आला. गाठीचे माप, कापलेल्या कडा मोकळ्या असल्याची नोंद, मूत्रपिंडाच्या नीलेत आणि भोवतालच्या चरबीत गाठ शिरलेली नसल्याची नोंद, हे सगळे त्यात होते; निदानाच्या जागी मात्र "ऑन्कोसायटिक पेशींची गाठ, अंतिम निदान मार्करच्या तपासणीनंतर" एवढेच लिहिले होते. मार्कर म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याच्या खुणा. याचा अर्थ असा की गाठ ऑन्कोसायटोमा निघाली तर मला कॅन्सर नव्हताच, आणि क्रोमोफोब निघाली तर होता. या मधल्या काळात मी मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या प्रकारांबद्दल मिळेल ते वाचायला घेतले. अनिश्चितता सहन करण्याची माझी तीच एक रीत आहे.

प्रौढांतील मूत्रपिंडाच्या कॅन्सरपैकी बहुसंख्य हे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींपासून होतात. त्यांत साधारण तीनचतुर्थांश किंवा त्याहून थोडे अधिक क्लिअर सेल असतात, दहा ते पंधरा टक्के पॅपिलरी आणि सुमारे पाच टक्के क्रोमोफोब. उरलेल्या थोड्या जागेत अनेक दुर्मीळ प्रकार दाटीने बसलेले असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९७० ते २००० या काळात मूत्रपिंड काढलेल्या २,३८५ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि या विषयावरच्या लेखनात तो वारंवार भेटतो. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी मूत्रपिंडाच्या कॅन्सरने मृत्यू न आलेल्यांचे प्रमाण क्लिअर सेलमध्ये ६८.९ टक्के, पॅपिलरीमध्ये ८७.४ टक्के आणि क्रोमोफोबमध्ये ८६.७ टक्के होते. ते आकडे मी कागदावर उतरवून घेतले. क्रोमोफोब निघाला तरी माझी बाजू बरी आहे, असा पहिला अर्थ मी लावला. भावाने मात्र तो कागद पाहून विचारले, "ताई, यातले किती जण तुझ्यासारखे होते?"

प्रश्न नेमका होता. शंभरातील सत्त्याऐंशी हा आकडा त्या प्रकारच्या सगळ्या रुग्णांचा मिळून असतो: ज्याची गाठ तीन सेंटिमीटरची असताना सापडली तोही त्यात असतो आणि ज्याची गाठ नीलेतून वर चढत गेली तोही. समजा, एका प्रकारच्या गाठी बहुतेक वेळा लहान असतानाच सापडतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पसरल्यावर सापडतात. अशा वेळी दोन्ही प्रकारांच्या सारख्याच आकाराच्या, सारख्याच टप्प्यावरच्या (म्हणजे रोग जितका पसरला आहे तितक्याच पातळीवरच्या) रुग्णांची प्रकृती तंतोतंत सारखी राहिली, तरी एकत्र सरासरीत पहिला प्रकार सौम्य आणि दुसरा घातक दिसेल. तेव्हा प्रकारामुळे पडणारा फरक किती आणि टप्प्यामुळे पडणारा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या टक्केवारीतून एका माणसाला फारसे काही हाती लागत नाही.

हे वेगळे काढण्याचा प्रयत्न संशोधकांनी केलेला आहे, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेला, चार हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २००५ मध्ये आला. नुसती तुलना केली तेव्हा त्यातही क्लिअर सेल मागे पडला होता; पण टप्पा, ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती उग्र दिसतात याची श्रेणी) आणि रुग्णाची एकूण शारीरिक क्षमता हिशेबात धरल्यावर या तीन मुख्य प्रकारांतील फरक स्वतंत्रपणे टिकला नाही. पुढे २०१० मध्ये मेयो क्लिनिकच्याच गटाने पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा प्रकाराचा स्वतंत्र परिणाम उरतो असे त्यांना आढळले. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत, आणि मला त्यातून दिसले ते असे: या तीन मुख्य प्रकारांपुरते बोलायचे तर प्रकाराचा परिणाम असलाच तरी टप्प्याच्या परिणामाहून तो बराच लहान आहे. टप्प्याबद्दल मात्र कोणाचेच दुमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत गाठ मूत्रपिंडापुरती मर्यादित असलेल्यांचा पाच वर्षांचा सापेक्ष जीवितदर, म्हणजे सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत जगण्याचे प्रमाण, नव्वद टक्क्यांहून जास्त आहे, आसपासच्या भागात किंवा लसिकाग्रंथींत पोहोचलेल्यांचा पंचाहत्तरच्या आसपास, आणि दूरच्या अवयवांत पसरलेल्यांचा पाचातील एकाच्या आसपास. कोणत्याही दोन मुख्य प्रकारांमध्ये इतकी मोठी दरी नाही.

आकडे वाचताना आणखी एक भेद मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावावा लागला. काही तक्त्यांत फक्त कॅन्सरने झालेले मृत्यू मोजलेले असतात, काहींत कोणत्याही कारणाने झालेले. मूत्रपिंडाचा कॅन्सर अनेकदा साठीच्या पुढे आढळतो. त्या वयात हृदयविकार असतो, मधुमेह असतो, आणि एक मूत्रपिंड गेल्यावर उरलेल्यावर भार पडतो. दोन तक्त्यांची तुलना करण्याआधी ते कोणते मृत्यू मोजत आहेत हे पाहिले नाही, तर प्रकारांत नसलेला फरक दिसू लागतो.

मार्करचा निकाल आला तेव्हा पॅथॉलॉजिस्टनी आम्हाला भेटायला बोलावले. हे सहसा घडत नाही. रुग्ण आणि पॅथॉलॉजिस्ट यांची गाठ पडत नाही, मध्ये नेहमी कागद असतो. त्या बाईंकडे दोन माणसांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. समोरच्या भिंगाला डोळा लावायला सांगून त्यांनी काच हळूहळू सरकवली. गुलाबी रंगाच्या मोठमोठ्या पेशी होत्या आणि त्यांच्या कडा वनस्पतीच्या पेशीभित्तिकेइतक्या ठसठशीत दिसत होत्या. केंद्रके वाळलेल्या मनुकांसारखी सुरकुतलेली होती आणि त्यांच्याभोवती फिकट, मोकळे वर्तुळ होते. काही पेशींत दोन-दोन केंद्रके होती. "हा क्रोमोफोब आहे," त्या म्हणाल्या. "ऑन्कोसायटोमाची केंद्रके गोल आणि नीटनेटकी असतात. सीके ७ हा मार्करही तुमच्या गाठीत सर्वदूर आला आहे. ऑन्कोसायटोमात तो तुरळक ठिपक्यांसारखा येतो." मग त्यांनी तुलनेसाठी दुसऱ्या, जुन्या गाठीची काच लावली. ती क्लिअर सेलची होती. तिच्यातील पेशी रिकाम्या खोल्यांसारख्या पांढऱ्या दिसत होत्या, कारण त्यांच्यात साठलेली चरबी आणि ग्लायकोजेन काच तयार करताना विरघळून जातात. दोन्ही गाठी मूत्रपिंडातल्या, दोन्ही कॅन्सरच्या, आणि तरी त्या एकाच रोगाच्या आहेत असे ते पाहणाऱ्या कोणाला वाटले नसते. प्रकाराला महत्त्व का द्यायचे, हे मला त्या दोन काचांनी वाचनापेक्षा जास्त समजावले.

अहवालातील एक रकाना मला खटकत होता. ग्रेडसमोर "लागू नाही" असे लिहिले होते. क्लिअर सेल आणि पॅपिलरी प्रकारांत केंद्रकातील केंद्रिका किती ठळक दिसते त्यावरून एक ते चार असा ग्रेड देतात, आणि तो रोगाच्या पुढच्या वाटचालीचा महत्त्वाचा निदर्शक मानला जातो. इतका महत्त्वाचा रकाना रिकामा कसा, हे मी विचारले. क्रोमोफोबच्या पेशींची केंद्रके मुळातच वेडीवाकडी असतात, त्यामुळे तीच मोजपट्टी लावली तर शांत गाठही उग्र ठरते आणि रुग्णाला विनाकारण घाबरवले जाते, असे त्यांनी सांगितले. क्रोमोफोबमध्ये आकार, टप्पा, गाठीतील पेशी मरून पडलेले भाग, म्हणजे नेक्रोसिस, आणि सार्कोमॅटॉइड बदल या गोष्टी त्या पाहतात. सार्कोमॅटॉइड बदल हा वेगळा प्रकार नाही. कोणत्याही प्रकारच्या गाठीचा काही भाग आपले मूळ रूप सोडून लांबट, तंतूंसारख्या पेशींचा होऊ शकतो, आणि तसे झाले की मूळ प्रकार कितीही सौम्य असला तरी रोगाची चाल बदलते. म्हणूनच त्यांनी माझ्या गाठीचे बरेच वेगवेगळे तुकडे तपासले होते. अहवालात "सार्कोमॅटॉइड बदल आढळला नाही" ही ओळ होती, आणि क्रोमोफोब या शब्दापेक्षा मला त्या ओळीने अधिक धीर दिला.

टोकाच्या प्रकारांत मात्र प्रकारच बरेच काही ठरवतो, हेही त्याच भेटीत कळले. कलेक्टिंग डक्ट कार्सिनोमा (कार्सिनोमा म्हणजे कॅन्सरचीच गाठ) किंवा सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असलेल्या तरुणांत आढळणारा रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हे सापडतात तेव्हा बहुधा पसरलेलेच असतात, आणि त्यांची वाढ इतकी वेगवान असते की तेथे गाठीच्या आकारावरून धीर देता येत नाही. दुसऱ्या टोकाला क्लिअर सेल पॅपिलरी नावाची एक गाठ आहे; ती इतकी क्वचित उपद्रव करते की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तिच्या नावातून कार्सिनोमा हा शब्दच काढून टाकण्यात आला. त्याच वर्गीकरणात पॅपिलरीचे टाइप एक आणि टाइप दोन हे जुने भागही सोडून देण्यात आले, कारण टाइप दोनमध्ये मोजल्या जाणाऱ्या काही गाठी प्रत्यक्षात वेगळेच रोग निघाले. त्यांपैकी फ्युमरेट हायड्रेटेज या विकराच्या अभावाने होणारा प्रकार बराच आक्रमक असतो. जुन्या तक्त्यांतील पॅपिलरीचे आकडे वाचताना ही सरमिसळ लक्षात ठेवावी लागते.

ऑन्कॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचेही मूत्रपिंड काढलेले होते आणि त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब या, प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध मोकळी करणाऱ्या औषधाचे सलाईन सुरू होते. मला ते का नाही, हे मी आत जाऊन विचारले. "त्यांचा क्लिअर सेल आहे आणि रोग परत येण्याचा धोका जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "शस्त्रक्रियेनंतर हे औषध दिल्याने फायदा होतो हे ज्या चाचणीत दिसले, तिच्यात क्लिअर सेलचेच रुग्ण घेतले होते. तुमच्या गाठीसाठी तसा पुरावा नाही, आणि टप्पा पाहता तुम्हाला गरजही नाही." अमेरिकेत या वापराला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, आणि पुढे त्या रुग्णांच्या आयुर्मानातही वाढ दिसली.

त्या उत्तराने माझ्या कागदावरच्या तीन टक्केवाऱ्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. तक्त्यात सर्वांत मागे असलेल्या क्लिअर सेलसाठीच आज सर्वाधिक औषधे आहेत. बहुतेक क्लिअर सेल गाठींत व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. ते १९९३ मध्ये ओळखले गेले. ते निकामी झाले की पेशीला ऑक्सिजन पुरत नसल्याचा खोटा संदेश मिळत राहतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. ऑक्सिजनची जाणीव पेशीला कशी होते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तवाहिन्यांची ही मागणी रोखणारी औषधे २००५-०६ पासून आली आणि त्यापाठोपाठ प्रतिकारशक्तीला मोकळी करणारी औषधे आली. दुर्मीळ प्रकारांचे रुग्ण थोडे, म्हणून त्यांच्यासाठीच्या चाचण्याही थोड्या; पसरलेल्या पॅपिलरीत कॅबोझँटिनिब हे औषध सुनिटिनिब या आधीच्या औषधापेक्षा रोगाची वाढ जास्त काळ रोखते, हे दाखवणारी तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे एक उलटे चित्र दिसते: मूत्रपिंडापुरत्या मर्यादित गाठींत क्रोमोफोब आणि पॅपिलरीची सरासरी बरी असते, पण रोग एकदा दूर पसरला की क्लिअर सेलच्या रुग्णाच्या हाती अनेकदा जास्त चांगली साधने असतात. प्रकार चांगला की वाईट, असा प्रश्न मी त्यानंतर कोणाला विचारला नाही, कारण रोग कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगितल्याखेरीज त्याला उत्तरच नसते.

क्रोमोफोब असल्यामुळे आणखी काही प्रश्न आले, जे इतर प्रकारांत कदाचित विचारले गेले नसते. चेहऱ्यावर, नाकाभोवती पांढरट बारीक पुळ्या आहेत का, घरात कोणाच्या फुप्फुसातून अचानक हवा गळून ते आक्रसले होते का, कोणाच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होत्या का. बर्ट-हॉग-ड्युबे नावाच्या आनुवंशिक विकारात ही लक्षणे एकत्र येतात आणि त्यातील मूत्रपिंडाच्या गाठी बऱ्याचदा क्रोमोफोब किंवा क्रोमोफोब-ऑन्कोसायटोमा अशा संमिश्र असतात. आमच्या घरात तसे काही आढळले नाही. तरी भावाने स्वतःची सोनोग्राफी करून घेतली आणि तिच्यात काही सापडले नाही.

आता पोट आणि छातीचा स्कॅन ठरावीक अंतराने होतो. क्रोमोफोब क्वचितच पसरतो, पण पसरला तर यकृतात जाण्याची त्याची प्रवृत्ती दिसते, म्हणून यकृताकडे मुद्दाम लक्ष दिले जाते. मूत्रपिंडाचा कॅन्सर पाच वर्षांच्या पुढेही, कधी दहा वर्षांनंतरही परतू शकतो. क्लिअर सेलमध्ये हे विशेष नोंदले गेले आहे. उरलेल्या मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाबही नियमित पाहतात. गाठीचे मेणात जतन केलेले तुकडे कोठे ठेवले आहेत याची नोंद आणि काचांच्या प्रती मी मागून घेतल्या, आणि त्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवून निदान पडताळून घेतले, कारण वर्गीकरण बदलते आणि वीस वर्षांपूर्वी एका नावाखाली असलेल्या गाठी आज चार नावांखाली वाटल्या गेल्या आहेत. ज्यांना नुकताच असा अहवाल मिळाला आहे त्यांनी प्रकाराच्या नावावर थांबू नये. टीएनएम टप्पा (मूळ गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून ठरणारा) काय आहे, ग्रेड आहे का आणि नसल्यास का नाही, नेक्रोसिस आणि सार्कोमॅटॉइड बदल तपासला का, नीलेची आणि चरबीची स्थिती काय, हे सगळे त्याच कागदावर, निदानाच्या खालच्या बारीक ओळींत लिहिलेले असते आणि डॉक्टरांना ते एकेक करून विचारता येते.